‘हे अंशतः खरे आहे’ : मॅक्डोनल्ड यांचे १९२४ मधील एक उत्तर आणि पडलेले सरकार

दप्तरदार (धागालेखक)

महाराष्ट्र विधिमंडळाच्या तारांकित प्रश्नांच्या याद्या ज्यांनी कधी चाळल्या असतील, त्यांना उत्तरांचे साचे पाठ असतील. सदस्य ‘हे खरे आहे काय’ असे विचारतात आणि मंत्री ‘हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’ यांपैकी एखादी ओळ देऊन मोकळे होतात. या साच्यांची आपण सारेच थट्टा करतो आणि मीही ती पुष्कळ केली आहे. परंतु ब्रिटनमधील पहिले मजूर सरकार ज्या प्रकरणात गडगडले, ते वाचत असताना मला राहून राहून वाटले की पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांच्या हाताशी त्या दिवशी ‘हे अंशतः खरे आहे’ एवढी रूक्ष, सरकारी ओळ असती, तर कदाचित निवडणूक टळली असती.

प्रसंग ३० सप्टेंबर १९२४ चा आहे. संसदेची सुट्टी मोडून कॉमन्स सभागृह बोलावले गेले होते, ते एका प्रलंबित विधेयकासाठी. आयर्लंडच्या सीमा आयोगावर आपला प्रतिनिधी नेमण्यास उत्तर आयर्लंडच्या सरकारने नकार दिला होता, त्यामुळे ती नेमणूक ब्रिटिश सरकारला करता यावी म्हणून कायदा करणे भाग होते. म्हणजे पंतप्रधानांचे, त्यांच्या मंत्रिमंडळाचे आणि वृत्तपत्रांचे लक्ष विधेयकाकडे असायला हवे होते. त्याच दिवशी विरोधी हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे सर किंग्जली वुड यांनी एका मागे घेतलेल्या खटल्याविषयी प्रश्न विचारला, आणि पुढच्या दहा दिवसांत विधेयक मंजूर झाले, सरकार मात्र राहिले नाही.

मागची हकीकत थोडक्यात अशी. कम्युनिस्ट पक्षाच्या ‘वर्कर्स वीकली’ या साप्ताहिकाने २५ जुलै १९२४ च्या अंकात सैनिकांना उद्देशून एक अनावृत पत्र छापले. वर्गयुद्धात असो वा लष्करी युद्धात, आपल्या कामगार बांधवांवर बंदुका रोखू नका, उलट त्या आपल्या वर्गाच्या बाजूने वापरा, असा त्याचा आशय होता. सार्वजनिक अभियोग संचालकांनी ॲटर्नी जनरल (सरकारचे प्रमुख विधी अधिकारी) सर पॅट्रिक हेस्टिंग्ज यांचा विचार घेतला आणि १७९७ च्या, म्हणजे फ्रेंच युद्धाच्या काळातील, बंडाच्या चिथावणीविरोधी कायद्याखाली कारवाई सुरू झाली. ५ ऑगस्टला हंगामी संपादक जे. आर. कॅम्पबेल यांना अटक झाली. हे कॅम्पबेल महायुद्धात जखमी झालेले आणि शौर्याबद्दल मिलिटरी मेडल मिळवलेले गृहस्थ होते, ही गोष्ट अभियोग पक्षाच्या ध्यानात अटकेनंतर आली. दुसऱ्याच दिवशी मजूर पक्षाच्याच खासदारांनी सभागृहात ॲटर्नी जनरलना धारेवर धरले, त्या संध्याकाळी मंत्रिमंडळात विषय निघाला, आणि १३ ऑगस्टला बो स्ट्रीटच्या न्यायालयात खटला मागे घेण्यात आला.

आता प्रश्न नीट वाचा. सर किंग्जली यांनी विचारले होते ते एवढेच की, हा खटला मागे घेण्याविषयी अभियोग संचालकांना पंतप्रधानांनी स्वतः किंवा त्यांच्या संमतीने कोणतेही निर्देश दिले गेले काय, आणि सुनावणीत आपल्याला साक्ष द्यावी लागेल अशी सूचना त्यांना मिळाली होती काय. प्रश्नातला कळीचा शब्द ‘निर्देश’ हा आहे. ॲटर्नी जनरलनी आपण होऊन निर्णय घेतला होता असे म्हणण्यास बरीच जागा होती, त्यामुळे ‘निर्देश दिले नाहीत’ एवढे उत्तर ताणून का होईना, टिकले असते.

मॅक्डोनल्ड यांनी उत्तर दिले त्याचा भावार्थ असा : हे खटले दाखल करताना किंवा नंतर मागे घेताना माझा सल्ला घेतला गेला नव्हता, खटल्याची पहिली बातमी मला वृत्तपत्रांतून कळली, ते मागे घेण्याचा सल्ला मी कधीच दिला नाही, सर्व काही विधी अधिकाऱ्यांच्या विवेकावर सोडले. विचारले होते निर्देशांबद्दल, उत्तर दिले सल्लामसलतीबद्दल. आणि सल्लामसलत तर ६ ऑगस्टच्या मंत्रिमंडळ बैठकीत, त्यांच्याच अध्यक्षतेखाली झालेली होती. त्या बैठकीच्या इतिवृत्तात ठराव नोंदलेला आहे की राजकीय स्वरूपाचा कोणताही सार्वजनिक अभियोग मंत्रिमंडळाच्या पूर्वसंमतीशिवाय हाती घेऊ नये, आणि प्रस्तुत प्रकरणात ॲटर्नी जनरलनी सुचवलेला मार्ग स्वीकारावा.

माझे म्हणणे असे की, सरकार खटला मागे घेतल्यामुळे पडले नाही, ते या उत्तरामुळे पडले. विचारल्यापेक्षा अधिक नाकारले की नाकारलेल्या प्रत्येक शब्दाचा हिशेब द्यावा लागतो. इतरांची मते वाचायला आवडतील.

उंबरठा

दप्तरदार, लेख आवडला, पण आपण पंतप्रधानांना फारच सवलत देत आहात. ‘विचारल्यापेक्षा अधिक नाकारले’ असे म्हणून आपण त्याला मसुद्यातली चूक ठरवता. मंत्रिमंडळाचे सचिव सर मॉरिस हँकी यांनी हे उत्तर ऐकून खासगीत ते शुद्ध खोटे असल्याचे म्हटले होते, तेही अशा शेलक्या विशेषणासह की ते इथे लिहिणे बरे दिसणार नाही. इतिवृत्ते ज्यांच्या ताब्यात असतात तो माणूस असे म्हणतो, तेव्हा तो शब्दांच्या छटांविषयी बोलत नसतो.

शिवाय मूळ पाप उत्तराच्या आधीचे आहे. राजकीय खटल्यांना मंत्रिमंडळाची पूर्वसंमती लागेल, हा ठरावच भयंकर आहे. उद्या विरोधकांवर खटला भरायचा की नाही आणि स्वपक्षीयांवरचा मागे घ्यायचा की नाही, हे मंत्र्यांच्या मेजावर ठरणार असेल, तर अभियोग संचालक हे पद ठेवायचे तरी कशाला? खोटे बोलावे लागले ते हा ठराव लपवायचा होता म्हणून, असे मला वाटते.

जुना_कक्ष_अधिकारी

मी राज्य शासनाच्या एका विभागात बरीच वर्षे विधिमंडळाच्या प्रश्नांची उत्तरे तयार करण्याचे काम केले आहे, म्हणून कारकुनी बाजूने दोन शब्द लिहितो.

बाहेरच्यांना वाटते की मंत्री उत्तर देतात. प्रत्यक्षात प्रश्न आला की त्याचे भाग पाडले जातात, प्रत्येक भागासमोर क्षेत्रीय कार्यालयाकडून आलेली माहिती लावली जाते, मग मसुदा, मग वरिष्ठांच्या दुरुस्त्या, मग पूरक प्रश्नांसाठीची वेगळी टिप्पणी. या प्रवासात सर्वांत धोकादायक शब्द कोणता, असे विचाराल तर मी ‘कोणताही’ हा सांगेन. एकदा माझ्या मसुद्यात ‘याबाबत शासनाकडे कोणतीही तक्रार प्राप्त झालेली नाही’ असे वाक्य गेले होते. वाक्याला वजन यावे म्हणून ‘कोणतीही’ मीच घातले होते. आमच्या एका वरिष्ठ लिपिक बाईंनी काही न बोलता आवक नोंदवही माझ्यापुढे उघडून धरली आणि एका नोंदीवर बोट ठेवले. साध्या आंतरदेशीय पत्रावर आलेली, कोणीही दखल न घेतलेली ती एकच तक्रार होती. वाक्य बदलले, उत्तर ‘अंशतः खरे आहे’ असे गेले, सभागृहात त्यावर दोन पूरक प्रश्न आले आणि विषय संपला. ते वाक्य तसेच गेले असते तर तोच कागद विरोधी सदस्यांच्या हातात फडकताना दिसला असता.

म्हणून दप्तरदारांचे म्हणणे मला पटते. उंबरठा म्हणतात तसे ते खोटे असेलही, परंतु खोटे बोलणारा मनुष्य सहसा इतका पसारा मांडत नाही. हा पसारा दुखावलेल्या माणसाचा आहे. त्या उत्तराच्या शेवटी साक्षीविषयीचा भाग पाहा. आपल्याला साक्षीला बोलावतील अशी सूचना तर राहोच, तिचा इशारासुद्धा मिळाला नव्हता, आणि ही खोटी गोष्टही आपल्याला वृत्तपत्रांतूनच कळली, असे ते म्हणाले. पंतप्रधानांनी स्वतःची कातडी वाचवण्यासाठी खटला थांबवला, ही कुजबुज त्यांना झोंबली होती. राग आला की माणूस ‘मुळीच नाही’ असे म्हणतो. नुसते ‘नाही’ पुरले असते.

दप्तरदार

कक्ष अधिकारी साहेब, आवक नोंदवहीचा प्रसंग लिहिलात याबद्दल आभारी आहे. रागाविषयीचा आपला तर्क बरोबर असावा, कारण ८ ऑक्टोबरला मॅक्डोनल्ड यांनी सभागृहात खुलासा केला तेव्हा त्यांनीही साधारण हेच कारण पुढे केले होते. आपल्यावर वैयक्तिक हेतूचा आरोप होत होता, तो खोडण्याच्या भरात आपले उत्तर वाजवीपेक्षा पुढे गेले, अशी कबुली त्यांनी दिली. थकव्याचाही भाग होता असे मला वाटते. पंतप्रधानपदाबरोबर परराष्ट्र खाते त्यांच्याकडेच होते, आणि कॅम्पबेल यांना अटक झाली त्या दिवसांत जर्मनीच्या युद्धभरपाईवरील लंडन परिषद ते स्वतः चालवत होते. म्हणजे ‘बातमी वृत्तपत्रांतून कळली’ हे वाक्य अगदी खरेही असू शकते.

उंबरठा, ठरावाबद्दल आपला मुद्दा मला मान्य आहे. पण तो ठराव उघड करून सभागृहात त्याचे समर्थन करणे शक्य होते. बाराव्या इयत्तेच्या राज्यशास्त्रातही शिकवतात की मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार असते. जबाबदारी घ्यायची तर ‘होय, आम्ही चर्चा केली’ असे म्हणावे लागते.

सनदी

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते, कारण वरच्या चर्चेत ‘चर्चा करणे’ आणि ‘आदेश देणे’ यांची सरमिसळ होत आहे.

ब्रिटिश पद्धतीत ॲटर्नी जनरल हा सरकारचा सदस्यही असतो आणि अभियोगाच्या बाबतीत स्वतंत्र निर्णय घेणारा अधिकारीही. या दुहेरी भूमिकेचा सर्वांत नेमका खुलासा ॲटर्नी जनरल सर हार्टली शॉक्रॉस यांनी २९ जानेवारी १९५१ रोजी कॉमन्समध्ये केला. त्याचे सार असे की, खटला भरणे सार्वजनिक हिताचे आहे की नाही हे ठरवण्यासाठी ॲटर्नी जनरलने सहकारी मंत्र्यांकडून माहिती घेण्यास हरकत नाही, किंबहुना काही प्रकरणांत ती न घेणे मूर्खपणाचे ठरेल. पण सहकाऱ्यांचे काम माहिती देण्यापुरते आहे, निर्णय काय असावा हे सांगण्याचे नाही. आणि अंतिम जबाबदारी त्याची एकट्याची आहे, ती मंत्रिमंडळाच्या खांद्यावर टाकता येत नाही. ही भूमिका कॅम्पबेल प्रकरणाच्या सावलीतच तयार झाली, हे वाचताना जाणवते.

या कसोटीवर ६ ऑगस्ट १९२४ ची बैठक घासून पाहिली, तर पहिला भाग चालण्यासारखा आहे. हेस्टिंग्ज यांनी आरोपीची युद्धातील कामगिरी, तो तात्पुरता संपादक असणे आणि खटला टिकण्याविषयीची शंका मांडली, सहकाऱ्यांनी ऐकून घेतली. दुसरा भाग, म्हणजे यापुढे पूर्वसंमती लागेल हा नियम, मात्र कोणत्याही कसोटीवर टिकत नाही. म्हणूनच पुढे आलेल्या हुजूर पक्षाच्या बाल्डविन सरकारने तो रद्द केला.

आणखी एक. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ ही आपल्याकडच्या मंत्र्यांची आवडती ढाल मॅक्डोनल्ड यांना उपलब्ध नव्हती. खटला मागे घेतला गेला त्या क्षणी न्यायालयातला विषय संपला आणि तो थेट सभागृहाचा झाला. मागे घेणाऱ्यांनी याचा विचार केला नसावा.

मध्यमवाट

दप्तरदारांच्या सिद्धांताला एक उलटे उदाहरण देतो. त्यांचे म्हणणे असे दिसते की उत्तर अरुंद ठेवले असते तर निभावले असते. कॅनडात नेमके असे अरुंद उत्तर दिले गेले आणि निभावले नाही.

एसएनसी-लाव्हलिन या बांधकाम कंपनीवर लिबियातील लाचखोरीबद्दल खटला होता. २०१८ मध्ये अर्थसंकल्पाशी जोडलेल्या कायद्यातून अशा कंपन्यांशी खटल्याऐवजी तडजोड करण्याची तरतूद आणली गेली, म्हणजे इथेही कायदा करणे आणि खटला चालवणे हे दोन धागे एकमेकांत गुंतलेले होते. तरीही अभियोग संचालकांनी तडजोडीस नकार दिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये बातमी फुटली की पंतप्रधानांच्या कार्यालयाने ॲटर्नी जनरल जोडी विल्सन-रेबोल्ड यांच्यावर दबाव आणला होता. जस्टिन ट्रुडो यांचा पवित्रा असा होता की कोणताही विशिष्ट निर्णय घेण्याचे निर्देश आपण दिले नाहीत. शब्द अचूक, ‘निर्देश’ हाच. पण २७ फेब्रुवारीला विल्सन-रेबोल्ड यांनी समितीपुढे दबावाचा तपशील तारीखवार सांगितला, आणि ऑगस्टमध्ये नीती आयुक्तांनी ट्रुडो यांनी हितसंबंधविषयक कायद्याचा भंग केल्याचा निष्कर्ष काढला. अरुंद उत्तर खोटे ठरत नाही, पण ते उरलेली जागा दुसऱ्यांना भरायला मोकळी सोडते.

दप्तरदार

मध्यमवाट, उदाहरण चपखल आहे आणि माझ्या मांडणीला ते खरोखरच अडचणीचे आहे. मी वर ‘निर्देश दिले नाहीत एवढे उत्तर टिकले असते’ असे लिहिले, ते मागे घेतो. पहिल्या पूरक प्रश्नापर्यंत ते टिकले असते, पुढे नाही. पुढचा सदस्य लगेच उठून विचारता की ‘मग चर्चा झाली होती काय?’

म्हणूनच मी ‘अंशतः खरे आहे’ या ओळीवर अडून आहे. तिच्यात पुढे स्पष्टीकरण जोडावेच लागते. ‘निर्देश दिले नाहीत, परंतु ॲटर्नी जनरलनी ६ ऑगस्टला मंत्रिमंडळाला वस्तुस्थिती सांगितली होती व निर्णय त्यांचा आहे’ असे दोन ओळींचे उत्तर त्या दिवशी गेले असते, तर हुजूर पक्षाने आरडाओरडा केला असता, पण उदारमतवाद्यांना (लिबरल पक्षाला) हुजूर पक्षाच्या निंदाव्यंजक प्रस्तावाकडे जाण्याचे कारण उरले नसते. मजूर पक्षाकडे ६१५ पैकी फक्त १९१ जागा होत्या, सारे सरकारच उदारमतवाद्यांच्या सहनशीलतेवर उभे होते, हे विसरता येत नाही.

उंबरठा

सहनशीलता तर त्यांनी शेवटपर्यंत दाखवली. त्या प्रस्तावावरची उदारमतवादी सर जॉन सायमन यांची दुरुस्ती सरकारची निंदा करा असे म्हणत नव्हती, चौकशीसाठी प्रवर समिती नेमा एवढेच म्हणत होती. उदारमतवाद्यांचे नेते ॲस्क्विथ यांनी तर त्या समितीतील आपल्या पक्षाच्या जागा सोडण्याचीही तयारी दाखवली होती. मॅक्डोनल्ड यांनी त्या दुरुस्तीलाही विश्वासाचा प्रश्न केले. मग हुजूर पक्षाने आपला निंदाव्यंजक प्रस्ताव बाजूला ठेवून दुरुस्तीला मते दिली, आणि ती ३६४ विरुद्ध १९८ अशी मंजूर झाली. ज्याच्याजवळ लपवण्यासारखे काही नाही, तो चौकशी समितीला इतका का घाबरेल? समितीने पहिली गोष्ट मागवली असती ती इतिवृत्त.

सनदी

उंबरठा यांचा हा मुद्दा बिनतोड आहे.

आपल्याकडील स्थितीचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. खटला मागे घेण्याची तरतूद दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. दोन्हींचा गाभा एकच आहे : सरकारी वकिलाने स्वतः विचार करून अर्ज करायचा आणि न्यायालयाने संमती द्यायची. कागदावर ही रचना १९२४ च्या ब्रिटनपेक्षा बंदिस्त आहे, कारण तिथे न्यायालयाला नुसते कळवणे पुरले होते.

केरळचे प्रकरण या धाग्याला फार जवळचे आहे. १३ मार्च २०१५ रोजी अर्थसंकल्प मांडला जात असताना विरोधी आमदारांनी विधानसभेतच मोडतोड केली. नुकसान २,२०,०९३ रुपयांचे दाखवले गेले. पुढे तेच आमदार ज्या आघाडीचे होते ती सत्तेवर आली आणि सरकारने खटला मागे घेण्याचा अर्ज करवला. २८ जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळताना सांगितले की विशेषाधिकार हे सभागृहाचे कामकाज चालावे म्हणून असतात, मालमत्तेची नासधूस त्यांच्या आड लपवता येत नाही. पुढच्याच महिन्यात, १० ऑगस्टला, त्याच न्यायालयाने आजी-माजी आमदार-खासदारांवरील खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेऊ नयेत असा आदेश दिला. सरकारी वकिलाचा ‘स्वतःचा विचार’ नेमका कोणाचा असतो, हे न्यायालयाला पुरते ठाऊक आहे असा त्याचा अर्थ मी लावतो.

जुना_कक्ष_अधिकारी

सनदी साहेबांच्या शेवटच्या वाक्यावर एक भर. विचार कोणाचा हे शोधायचे असेल तर नस्तीवरील (फाइलवरील) शेरे वाचावेत. ‘चर्चा करावी’ हा शेरा दिसला की समजावे, पुढचे कागदावर येणार नाही. कॅनडात, माझ्या वाचनाप्रमाणे, ॲटर्नी जनरलला अभियोग संचालकांना निर्देश द्यायचा असेल तर तो लेखी द्यावा लागतो आणि राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो. तेवढे एक कलम आपल्याकडे आले, तर ‘चर्चा करावी’ची निम्मी गरज संपेल.

निशिगंध

चर्चा वाचून फार माहिती मिळाली. एक भाबडा प्रश्न : ज्यांच्यासाठी हे सारे रामायण घडले, त्या कॅम्पबेल यांचे पुढे काय झाले? आणि त्या जुन्या कायद्याचे?

दप्तरदार

निशिगंध, भाबडा अजिबात नाही, मूळ लेखातच यायला हवे होते. संसद ९ ऑक्टोबरला विसर्जित झाली आणि २९ ऑक्टोबरच्या निवडणुकीत हुजूर पक्षाने चारशेहून अधिक जागा जिंकल्या. मजूर पक्ष १५१ वर आला, आणि ज्या उदारमतवाद्यांनी ती दुरुस्ती मांडली होती ते ४० वर घसरले. मतदानाच्या चार दिवस आधी छापले गेलेले झिनोव्हिएव्ह पत्र (एका सोव्हिएत नेत्याच्या नावाचे वादग्रस्त पत्र) हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, तो इथे सुरू करू नये ही विनंती.

कॅम्पबेल यांना पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, बाल्डविन सरकारच्या काळात आणखी अकरा कम्युनिस्ट पुढाऱ्यांबरोबर पुन्हा न्यायालयात उभे करण्यात आले. आरोपांत त्याच १७९७ च्या कायद्याचा समावेश होता. या वेळी खटला कोणी मागे घेतला नाही, आणि त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. तो कायदा पुस्तकातून वगळला गेला तो १९९८ साली.